नाट्यशाळेच्या निकालाची वाट पाहताना

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. इंजिनिअरिंग, नर्सिंग, बी.एड., पोलीस भरती, बँकेची परीक्षा, या निकालांची वाट कशी पाहायची हे आपल्या दोन पिढ्यांच्या आता अंगवळणी पडले आहे. पण अलीकडे काही पालक एक वेगळाच प्रश्न घेऊन विहारात येऊ लागले आहेत. रविवारची वंदना आटोपली की एखादी माउली बाजूला घेऊन हळूच विचारते, "सर, पोरानं नाटकाच्या शाळेचा फॉर्म भरलाय. दिल्लीहून बोलावणं आलंय. ते नेमकं काय असतं? आणि नाहीच झालं तर पुढं काय?"

प्रश्न विचारताना तिचा आवाज खाली गेलेला असतो. मुलगा मेडिकलला बसला असता तर हाच प्रश्न तिने चारचौघांत मोठ्याने विचारला असता. हा खाली गेलेला आवाज मला परिचयाचा आहे, कारण काही वर्षांपूर्वी माझाही आवाज असाच खाली जात असे. आमच्या थोरल्या मुलीने बी.एस्सी. झाल्यावर नाट्यशिक्षणाची वाट धरली आणि सलग दोन वर्षे आमच्या घराने या निकालाची वाट पाहिली. त्या अनुभवाचा उपयोग इतर पालकांना व्हावा, या हेतूने स्मरणिकेच्या संपादक मंडळाच्या सूचनेवरून हा लेख लिहीत आहे.

नाटकाची शाळा म्हणजे काय?

आपल्याकडे नाटक म्हणजे गॅदरिंगमधील हौस, असा समज आहे. वस्तुतः नाट्यकला हा पूर्ण वेळ शिकण्याचा विषय आहे. आवाज, उच्चार, देहबोली, अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा आणि जगभरच्या नाट्यवाङ्मयाचा अभ्यास, असा त्याचा आवाका आहे.

या क्षेत्रातील देशपातळीवरची सर्वांत नावाजलेली संस्था म्हणजे नवी दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. संगीत नाटक अकादमीने १९५९ साली ते सुरू केले आणि १९७५ साली ती स्वतंत्र स्वायत्त संस्था झाली. भगवानदास रोडवरील बहावलपूर हाऊस हा तिचा पत्ता. इब्राहिम अल्काझी यांनी १९६२ ते १९७७ या काळात संचालक म्हणून तिला जी शिस्त लावली, तिचा दबदबा आजही सांगितला जातो. रोहिणी हट्टंगडी, कमलाकर सोनटक्के, वामन केंद्रे ही आपल्या ओळखीची मराठी मंडळी तेथेच शिकली. पैकी वामन केंद्रे हे पुढे २०१३ साली त्याच विद्यालयाचे संचालक झाले. येथील मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा व निवासी स्वरूपाचा आहे, आणि निवड झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. ही गोष्ट आपल्या पालकांनी विशेष लक्षात घ्यावी. एकदा प्रवेश मिळाला की पैशांअभावी शिक्षण सोडण्याची पाळी सहसा येत नाही. अडचण आहे ती प्रवेश मिळण्याची. देशभरातून येणाऱ्या उमेदवारांसाठी जागा आहेत त्या ३० च्या आसपास.

महाराष्ट्रातही चांगल्या सोयी आहेत. पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. तेथे नाटक, संगीत व नृत्य यांचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळते. नाटककार सतीश आळेकर यांनी अनेक वर्षे या केंद्राची धुरा वाहिली. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी २००३ साली सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभाग तर ग्रामीण मराठवाड्यातील मुलांसाठी मोठाच आधार ठरला आहे. 'गावकी'चे लेखक आणि तमाशाचे अभ्यासक डॉ. रुस्तुम अचलखांब यांनी याच विभागात अध्यापन केले. या सर्व ठिकाणीही लेखी गुणांबरोबर प्रत्यक्ष चाचणी आणि मुलाखत यांना महत्त्व असते.

निवड कशी होते?

पालकांचा निम्मा जीव टांगणीला लागतो तो निवड कशी होते हे ठाऊक नसल्यामुळे. म्हणून ती पद्धत थोडक्यात सांगतो.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयासाठी कोणत्याही शाखेची पदवी लागते. वयाची अट साधारणतः १८ ते ३० वर्षांची असते व राखीव गटांना त्यात सवलत मिळते. शिवाय उमेदवाराने आधी काही नाटकांत प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते, हिंदी व इंग्रजीचे कामचलाऊ ज्ञान असावे लागते आणि नाट्यक्षेत्रातील जाणकारांची शिफारस जोडावी लागते. तपशील वर्षागणिक बदलत असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी.

पहिली फेरी देशातील निरनिराळ्या शहरांत होते. उमेदवार पाठ केलेले उतारे सादर करतो. परीक्षक मध्येच थांबवतात, एखादे गाणे म्हणायला सांगतात, एकदम एखादा प्रसंग देऊन "हे करून दाखव" म्हणतात. त्यातून निवडलेल्यांना दुसऱ्या फेरीसाठी दिल्लीस बोलावतात. तेथे काही दिवसांची कार्यशाळा असते. मुले सकाळपासून एकत्र खेळतात, गातात, हालचालींचे धडे घेतात, गटाने प्रसंग बसवतात, आणि परीक्षक हे सारे पाहत असतात. शेवटी मुलाखत होते.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गणिताच्या पेपरात ९० गुण मिळवणारा ८० वाल्याच्या पुढे असतो, त्यात वाद नाही. नाट्यशाळेत तसे नसते. परीक्षक तयार नट शोधत नाहीत. शिकवता येईल असे शरीर, असा आवाज, अशी कल्पनाशक्ती ते शोधतात. समोरचा बोलत असताना हा मुलगा खरोखर ऐकतो का, की स्वतःच्या वाक्याची वाट पाहत उभा राहतो, हे पाहतात. आणि त्यांना एक वर्ग भरायचा असतो, जो तीन वर्षे एकत्र नाटके करणार आहे. एकाच प्रकारचे दहा उत्तम नट असले तरी त्यांतील एकदोघेच घेतले जाणे शक्य असते. म्हणून यादीत नाव नसणे याचा अर्थ 'तुझ्यात कला नाही' असा होत नाही. 'या वर्षीच्या या वर्गात जागा मिळाली नाही' एवढाच त्याचा अर्थ असतो. हे वाक्य पालकांनी निकालाआधीच मनात पक्के करून ठेवावे. निकालानंतर ते सुचत नाही.

उच्चाराबद्दलही मुलांना भीती असते. मराठवाड्याची, वऱ्हाडाची किंवा वस्तीतली बोली म्हणजे दोष नव्हे. नटाला जितक्या बोली येतील तितकी त्याची झोळी मोठी. मात्र दिल्लीतील बराचसा व्यवहार हिंदीतून चालत असल्याने हिंदी वाचनाचा सराव अवश्य हवा.

कागदपत्रांची तयारी

वाट पाहण्याच्या काळात पालकांच्या हाती असलेले खरे काम कागदपत्रांचे आहे. तेथे हयगय झाली तर मुलाची मेहनत वाया जाते.

बौद्ध समाजाच्या बाबतीत एक मुद्दा नीट समजून घ्यावा. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. महाराष्ट्र राज्याने बौद्धांना सवलती पूर्वीच दिल्या होत्या, परंतु केंद्राच्या पातळीवर तो आदेश १९९० साली दुरुस्त झाला आणि त्यानंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना केंद्रीय संस्थांत हक्क मिळू लागला. केंद्राच्या नियमानुसार अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव असतात. वर्गच ३० च्या आसपास मुलांचा असेल तर या जागा चार-पाच होतात. त्या जागांवरचा दावा कागदाच्या चुकीमुळे जाऊ नये.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुना दाखला असतो, ज्यावर केवळ 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' असा उल्लेख असतो. केंद्रीय संस्था बहुधा केंद्राच्या नमुन्यातील दाखला मागतात. त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. तो उल्लेख पाहून काही तरुणांना राग येतो, आणि तो राग मी समजू शकतो. जी जात आपण १९५६ साली मागे टाकली ती पुन्हा कागदावर का, असे त्यांना वाटते. पण हा दाखला अन्याय झाला होता याचा पुरावा आहे, आपली ओळख नव्हे, असे समजून तो वेळेवर काढून घ्यावा. फॉर्म भरण्याच्या किमान दोनतीन महिने आधी सेवा केंद्रात अर्ज करावा. राज्यातील अभ्यासक्रमांसाठी जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही विचारले जाऊ शकते. त्याला त्याहून अधिक वेळ लागतो.

राज्यातील विद्यापीठांत प्रवेश मिळाल्यास भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. तिची उत्पन्न मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी पाहून घ्याव्यात.

आवाज खाली का जातो?

आता त्या माउलीच्या खाली गेलेल्या आवाजाकडे वळू. आपल्या घरात नाटकाविषयी जी धास्ती आहे ती केवळ पोटापाण्याची नाही. तिच्या मागे इतिहास आहे.

ढोलकी, डफ, तुणतुणे आणि पायांतील चाळ ही वाद्ये आपल्या आजा-पणजांच्या हाती होती. तमाशाच्या फडांत अस्पृश्य मानलेल्या जातींतील कलावंत मोठ्या संख्येने होते. गाव त्यांच्या कलेवर खूश होई, शिट्ट्या मारी, आणि सकाळी त्याच कलावंताला पाणवठ्यावर जाऊ देत नसे. कलेला दाद आणि कलावंताला विटाळ, असा तो न्याय होता. पुढे बाबासाहेबांनी शिक्षणाचा मार्ग दाखवला. आपल्या आईबापांनी ढोलकी खुंटीला टांगली आणि मुलांच्या हाती पाटी दिली. म्हणून आज पदवीधर झालेली मुलगी "मी नाटक शिकते" म्हणाली की घरातील म्हाताऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो. "एवढं शिकून परत नाचगाण्यातच?" असा प्रश्न त्यांच्या ओठांवर येतो. त्यांना दोष देता येत नाही. ज्याने ते दिवस भोगले त्याची ती भीती आहे.

परंतु याच इतिहासाचे दुसरे पानही वाचले पाहिजे. एकोणीसशे तीसच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. साचा तमाशाचाच ठेवला, पण आशय बदलून टाकला. मेलेले जनावर ओढू नका, मुलांना शाळेत घाला, हक्क मागा, हे त्यांनी सवाल-जवाबांतून खेडोपाडी पोहोचवले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ पोहोचली ती या जलशांमुळे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. त्यानंतर दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा', प्रेमानंद गज्वी यांचे 'घोटभर पाणी' व 'किरवंत' या नाटकांनी मराठी रंगभूमीला जे प्रश्न विचारले ते आधी कोणी विचारले नव्हते. २०१२ साली आलेल्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाची संकल्पना लोकशाहीर संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे, आणि त्यातील बरेचसे कलाकार जालना जिल्ह्यातील.

तेव्हा मुलगी नाट्यशाळेत जाते म्हणजे ती मागे जात नाही. आजोबांनी नाइलाजाने केलेले काम ती स्वतःच्या इच्छेने, शिकून आणि सन्मानाने करू पाहते.

धम्म याविषयी काय सांगतो?

काही उपासक आणखी एक शंका काढतात. नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहावे असे शील आहे ना? होय, आहे. पण ते अष्टशीलातील आहे आणि गृहस्थ उपासक ते उपोसथाच्या दिवशी पाळतो. गृहस्थाच्या नित्याच्या पंचशीलात ते नाही.

संयुक्त निकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा आहे. लोकांना हसवणारा नट मेल्यावर स्वर्गात जातो का, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी उत्तर देण्याचे वारंवार टाळले. त्याने फारच आग्रह धरला तेव्हा त्यांनी सांगितले, की जो नट स्वतः राग, द्वेष, मोह यांत बुडालेला असतो आणि प्रेक्षकांतही तेच वाढवतो, त्याची गती चांगली नसते. या उत्तरावर बोट ठेवून नाटकच त्याज्य ठरवणे बरोबर नाही, असे मला वाटते. तथागतांनी बोट ठेवले आहे ते राग, द्वेष आणि मोह वाढवण्यावर. आपल्या मुलांनी कोणते नाटक करावे आणि कोणते करू नये, याची कसोटीच येथे मिळते. पुढे तालपुट भिक्खू झाला, अर्हत झाला आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आल्या.

सारिपुत्त व मोग्गल्लान यांची कथाही या संदर्भात आठवते. राजगृहाजवळच्या डोंगरावरील जत्रेत खेळ पाहत असताना या दोन मित्रांच्या मनात जीवनाच्या क्षणभंगुरतेचा विचार आला आणि ते सत्याच्या शोधात निघाले, असे अट्ठकथा सांगते. त्यांच्याच धम्मप्रवेशावर अश्वघोषाने 'सारिपुत्रप्रकरण' हे नाटक लिहिले. त्याच्या ताडपत्रांचे तुकडे मध्य आशियातील तुर्फान येथे सापडले आणि १९११ साली जर्मन पंडित ल्यूडर्स यांनी ते प्रसिद्ध केले. आज हाती असलेल्या संस्कृत नाटकांच्या अवशेषांत ते अतिशय प्राचीन मानले जाते. म्हणजे नाटक लिहिणारी आपली परंपरा आजकालची नाही.

सिगालोवाद सुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाला पापापासून रोखणे, कल्याणाकडे वळवणे, शिल्प म्हणजे विद्या-कला शिकवणे, योग्य विवाह करून देणे आणि वेळेवर वारसा हाती देणे. तिसरे कर्तव्य पाहावे. शिल्प शिकवण्याची सोय करणे हे आईबापांचे काम आहे. त्यात यश मिळवून देणे हे मात्र या यादीत नाही.

वाट पाहण्याचे दिवस

आता माझ्या घरचे सांगतो. पहिल्या वर्षी मुलगी पहिल्याच फेरीत गळाली. दुसऱ्या वर्षी एका नामांकित संस्थेच्या अंतिम फेरीपर्यंत गेली आणि परत आली. निकाल संकेतस्थळावर लागणार होता. तारीख नक्की नव्हती. त्या तीन आठवड्यांत मी जे जे केले ते करू नये, असे आज सांगावेसे वाटते.

मी दिवसातून दहा वेळा मोबाईलवर ते पान उघडून पाहत असे. जेवताना "परीक्षक काय म्हणाले? हसले का? बाकीच्यांना जास्त वेळ दिला का?" असे खोदून खोदून विचारत असे. कोणाच्या ओळखीचे कोणी दिल्लीत आहे का, याची चौकशी केली. नात्यातल्या सर्वांना आधीच सांगून टाकले, त्यामुळे रोज कोणाचा तरी फोन येई. आणि कबूल करायला लाज वाटते, पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मी एके सकाळी वर्तमानपत्रातील राशिभविष्याचा रकाना वाचताना सापडलो. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, प्रतिज्ञा किती राहिल्या?"

यादी लागली. तिचे नाव नव्हते. ती काही न बोलता गच्चीवर गेली. अर्ध्या तासाने खाली आली तेव्हा तिला धीर द्यायचा म्हणून माझ्या तोंडून वाक्य गेले, "बरं झालं, आता तरी बी.एड. करशील." ती म्हणाली, "बाबा, म्हणजे तुम्ही दोन वर्षं याचीच वाट पाहत होता का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. काही अंशी ते खरे होते. मी तिच्या निकालाची वाट पाहत होतो, आणि माझ्या सुटकेचीही.

त्यानंतर भन्तेजींशी बोलताना त्यांनी विसुद्धिमग्गातील एक दृष्टान्त सांगितला. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांचा हा ग्रंथ. त्यात मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार ब्रह्मविहारांसाठी एका आईचे उदाहरण दिले आहे. तिला चार मुलगे आहेत. एक तान्हा, एक आजारी, एक भर तारुण्यातला आणि एक आपल्या कामधंद्यात गुंतलेला. तान्ह्याने वाढावे असे तिला वाटते, ही मेत्ता. आजाऱ्याने बरे व्हावे असे वाटते, ही करुणा. तरुणाचे बहराचे दिवस टिकावेत असे वाटते, ही मुदिता. आणि जो आपल्या कामात आहे त्याच्याविषयी ती उगाच काळजी करीत बसत नाही, ही उपेक्खा.

मराठीत आपण 'उपेक्षा' हा शब्द दुर्लक्ष या अर्थी वापरतो. त्यामुळे उपेक्खा म्हणजे मुलाचे काही का होईना, असा घोटाळा होतो. बुद्धघोषांनी या घोटाळ्याचाही विचार केला आहे. अज्ञानातून आलेली बेफिकिरी ही उपेक्खेसारखी दिसते, पण ती तिची जवळची शत्रू आहे, असे ते म्हणतात. कामात असलेल्या मुलाची आई बेफिकीर नसते. तिचे लक्ष असते, फक्त ती त्याच्या हातातले काम हिसकावून घेत नाही.

मला वाटते, निकालाची वाट पाहणाऱ्या पालकाच्या घरी ही चारही मुले एकाच मुलाच्या रूपाने असतात. फॉर्म भरताना आणि तयारी करताना त्याला मेत्ता हवी. नाव आले नाही तर करुणा हवी. नाव आले तर मनापासून मुदिता हवी, "आता नोकरीचं काय?" हा प्रश्न त्या दिवशी नको. आणि चाचणी देऊन आल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या दिवसांत उपेक्खा हवी, कारण त्या दिवसांत आईबापांच्या हातात काहीच नसते.

काय करावे, काय टाळावे

अनुभवावरून काही सूचना करतो. निकाल पाहण्याचे काम मुलाकडेच सोपवावे. नातेवाइकांना निकालानंतरच सांगावे. ओळख, वशिला किंवा पैसे घेऊन प्रवेश करून देतो म्हणणाऱ्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. एकाच दारावर बसून राहू नये. राज्यातील विद्यापीठांचे फॉर्मही त्याच वेळी भरून ठेवावेत, त्यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर ई-मेल व फोन चालू ठेवावा, कारण कोणी जागा सोडली तर कळवल्यावर हाताशी वेळ थोडा असतो. प्रवासापुरते पैसे बाजूला काढून ठेवावेत.

मुलाचा सराव मात्र थांबू देऊ नये. सकाळचा आवाजाचा रियाज, वाचन, वस्तीतील मुलांना घेऊन एखादे पथनाट्य, हे चालू राहिले की मनाला आधार मिळतो. घरात जागा नसेल तर विहाराचा हॉल सकाळी मोकळा असतो, तो द्यावा, अशी आमच्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे.

निकालानंतर

नाव आले तर आनंदच आहे. पण तेथेही एक सावधगिरी सांगतो. प्रवेश ही सुरुवात असते. नवाजुद्दीन सिद्दीकी हे राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९९६ साली बाहेर पडले. 'गँग्ज ऑफ वासेपूर'ने त्यांचे नाव घरोघरी नेले ते २०१२ साली. मध्ये सोळा वर्षे गेली. पालकांनी या हिशेबाने मनाची तयारी ठेवावी आणि पहिल्याच वर्षी दूरदर्शनवर दिसण्याची अपेक्षा करू नये.

नाव आले नाही तर वयोमर्यादेत असेपर्यंत पुन्हा प्रयत्न करता येतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची बंगळुरू, गंगटोक, आगरतळा व वाराणसी येथेही केंद्रे आहेत. आणि नाट्यशाळेत न जाताही मार्ग निघतो. 'फँड्री' आणि 'सैराट' देणारे नागराज मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठी विषयात एम.ए. केले आणि पुढे अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकले. बोधी नाट्य परिषदेसारखी व्यासपीठे नाट्यलेखकांसाठी आहेत. राज्य नाट्य स्पर्धा आहे, एकांकिका स्पर्धा आहेत.

आमच्या मुलीने पुढे एका विद्यापीठाच्या नाट्य विभागातून एम.ए. केले. आज ती तालुक्यातील शाळांत मुलांना नाटकाच्या मार्गाने भाषा शिकवते. मागच्या वर्षी तिच्या एका विद्यार्थिनीने, वीटभट्टीवर काम करणाऱ्या आईबापांच्या मुलीने, नाट्यशाळेचा फॉर्म भरला. निकालाच्या आदल्या दिवशी त्या मुलीचे वडील आमच्या घरी आले होते. पाण्याचा ग्लास हातात धरून नुसते बसून राहिले. मी त्यांना काय बोलावे या विचारात होतो, तेवढ्यात माझी मुलगी त्यांना म्हणाली, "काका, उद्या यादी लागली की तिला पहिल्यांदा काय बोलायचं, ते आजच ठरवून ठेवा."

त्यांनी विचारले, "काय बोलू?"

ती म्हणाली, "नाव असो नसो, एवढंच विचारा, की जेवलीस का."

या लेखात जे सांगायचे होते ते एवढेच आहे. यादी संस्था लावते. तिच्यावर आईबापांचे काही चालत नाही. पण यादी लागल्यावर घरात पहिले वाक्य कोणते उच्चारले जाईल, ते आपल्या हाती आहे. ते आधी ठरवून ठेवावे, ही सर्व पालकांना विनंती.

जयभीम!